साहेब, रजिस्टर नंतर बघा, आधी वर्गात बसा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे, पहिली ते चौथी, नोकरीला एकोणीस वर्षं झाली. शाळा तपासणीबद्दल सगळे बोलतात, अधिकारी बोलतात, पालक बोलतात, पेपरात पण येतं की गुरुजी शिकवत नाहीत, पण ज्याची तपासणी होते त्याला कोणी विचारत नाही म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, तपासणी नको असं माझं म्हणणं नाही. काही शाळांवर गरज आहेच, आमच्यातही नमुने आहेत, झाकून काय उपयोग. माझं म्हणणं एवढंच की साहेब येतात आणि वर्गात बसतच नाहीत.

मागच्या एप्रिलची गोष्ट. आमच्या गावातली निम्मी घरं दसरा दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात तर कोणी कर्नाटकात, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्चमध्ये परत. ज्यांची आजी घरी आहे ती पोरं राहतात, काही हंगामी वसतिगृहात, बाकीची आईबापाबरोबर उसाच्या फडावर. जाताना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे तिथल्या शाळेत बसवून घ्यावं म्हणून, पण फडापासून शाळा दोन तीन किलोमीटर असली तर कार्ड खोपीतच राहतं. तर अशी एक चौथीतली पोरगी, परत येऊन तिला जेमतेम पंधरा दिवस झाले होते आणि व्हिजिट आली.

साहेब तासभर होते. त्यातली चाळीस मिनिटं ऑफिसात. हजेरी, पोषण आहाराची नोंद, खिचडीचं चव रजिस्टर, यू-डायस म्हणजे शाळेची ऑनलाइन माहिती, फोटो अपलोड केलेत का, विद्यार्थ्यांचे आधार अपडेट किती बाकी. दुसरे सर त्या दिवशी बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामावर, म्हणजे चारही वर्ग माझ्याकडे आणि मी ऑफिसात फायली काढून देतोय, आता पोरं गोंधळ करणार नाहीत तर काय. मग शेवटी वर्गात आले, फळ्यावर ८३ वजा ४७ मांडलं आणि नेमकं तिलाच उठवलं. तिनं ४४ लिहिलं. आठातून चार गेले चार, सातातून तीन गेले चार. हातच्याचा घटक झाला तेव्हा ती फडावर मोळ्या बांधत होती ना! शेरा पडला, विद्यार्थी मागे, प्रयत्न आवश्यक.

गाडी गेल्यावर ती मला म्हणते, गुरुजी सायब गेले का? म्हटलं गेले. मग तिला सहज विचारलं, ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली ८३ हजार, फिटले ४७, राहिले किती? एका दमात म्हणाली ३६. वर मलाच सांगते, गुरुजी ते पुढच्या सालात धरतेत.

आता मला सांगा हिला वजाबाकी येते का येत नाही?

फार वर्षांपूर्वी आमच्याकडे एक केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळा बघणारे साहेब, होते, आता रिटायर झाले. ते आले की चपला बाहेर काढून थेट सतरंजीवर पोरांत बसायचे, काड्यांचे गठ्ठे घेऊन दशकाचा गठ्ठा सोडून दाखवायचे, आणि माझं चुकलं तर ऑफिसात नेऊन सांगायचे, पोरांसमोर नाही. हातच्याची वजाबाकी शिकवायला मी खरं त्यांच्याकडूनच शिकलो (डीएडला कोणी शिकवली नव्हती). आता आमच्या केंद्राला केंद्रप्रमुखच नाही, एका शिक्षकाकडेच चार्ज आहे, तो दहा शाळा फिरतो तेव्हा त्याचा स्वतःचा वर्ग कोण बघतं देव जाणे.

आणि योजना तर येतच राहतात. २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, मग शाळा सिद्धी, म्हणजे शाळेनं स्वतःचंच मूल्यमापन करायचं, ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं, ते जरा अंगवळणी पडतंय तोवर नवा आराखडा, त्यात १२८ मानकं. प्रत्येकाला पुरावा लागतो, फोटो, लिंक, पीडीएफ. आमच्याकडे रेंजसाठी शाळेच्या गच्चीवर चढावं लागतं. हात धुण्याचा एकच फोटो मी तीन ठिकाणी टाकलाय, कबूल करतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २७ आहे, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम द्यायचं नाही असं लिहिलंय, पण अपलोड करत बसणं हे शैक्षणिकच धरतात वाटतं.

माझी मागणी छोटी आहे. एकदा डिसेंबरात या आणि मोकळी बाकं बघा, कोण कुठं गेलं ते लिहून घ्या. एकदा एप्रिलमध्ये या आणि त्याच पोरांना विचारा. एक अख्खा तास वर्गात बसा, रजिस्टर नंतर, आणि शेरेबुकात माझ्या चुकांखाली एक ओळ अशी पण लिहा की साहेबांनी शाळेला काय मदत केली, पुढच्या व्हिजिटला ती पण तपासू.

पत्र छापलं तर नाव गाव छापू नका ही विनंती. पुढच्या आठवड्यात व्हिजिट आहे.

आपला,
एक सहशिक्षक, जि. बीड