खलाशी व्हायचे असेल, तर आधी कप्तान पारखावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

प्रशांत महासागरातील दूरदूरच्या बेटांमध्ये शिडाच्या बोटीवर खलाशी म्हणून प्रवास करण्यासंबंधीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. मराठी तरुण-तरुणींनी या वाटेला जावे असे मलाही मनापासून वाटते, त्यामुळे लेखाच्या हेतूविषयी माझी काहीच तक्रार नाही. तथापि ‘जवळजवळ फुकटात जग पाहण्याची युक्ती’ हा त्यातील सूर मला खटकला, आणि व्हिसासंबंधीचे एक विधान तर दुरुस्त होणे आवश्यक आहे. व्यापारी जहाजांवरील नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर मी ताहितीहून टोंगापर्यंत एका लहान शिडाच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलो होतो. म्हणून हे चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

लेखात बेटांची वर्णने भरपूर होती. त्या बेटांच्या मधले पाणी मात्र कोठे दिसले नाही. दक्षिण अमेरिकेकडील गॅलापागोस बेटांहून फ्रेंच पॉलिनेशियातील मार्केसास द्वीपसमूहापर्यंतचे अंतर सुमारे ३,००० सागरी मैल, म्हणजे साधारण साडेपाच हजार किलोमीटर आहे. मुंबईहून मोम्बासाला जाण्यापेक्षाही ते जास्त असून वाटेत थांबायला एकही बेट नाही. बारा-तेरा मीटर लांबीची बोट बऱ्यापैकी वाऱ्यात दिवसाला १२० ते १५० मैल कापते, त्यामुळे या एका टप्प्यालाच तीन आठवडे सहज लागतात. पुढे मार्केसासहून तुआमोतूची प्रवाळबेटे सुमारे ५०० मैलांवर, आणि बोराबोराहून कुक बेटांतील रारोटोंगा ५०० मैलांहून थोडे अधिक. या सर्व काळात चार-पाच माणसे एका खोलीएवढ्या जागेत राहतात, तीन-तीन तासांच्या पाळीने रात्रंदिवस पहारा देतात आणि गोडे पाणी मोजून वापरतात. मागून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांत बोट अखंड दोन्ही बाजूंना कलत असल्यामुळे स्वयंपाकदेखील एका हाताने काहीतरी घट्ट धरूनच करावा लागतो. कंटाळा आला, भांडण झाले किंवा पोटात अन्न ठरेनासे झाले, तरी कोणालाही मध्येच उतरता येत नाही.

म्हणूनच माझे मुख्य म्हणणे असे आहे की इच्छुकांनी कोणती बेटे पाहायला मिळतील हे पाहण्याआधी कप्तान कोण आहे हे पाहावे. बोट कितीही लहान असली तरी समुद्रावर कप्तानाचा शब्द अखेरचा असतो, आणि परक्या बंदरात त्याने सही केलेली खलाशांची यादी हाच तुमच्या तेथे असण्याचा आधार असतो. त्या यादीतून नाव काढून घेण्यासाठी इमिग्रेशन कार्यालयाची संमती लागते आणि बहुतेक ठिकाणी देशाबाहेर जाण्याचे तिकीट दाखवावे लागते. हे बंधन कप्तानालाही असते, कारण त्याने आणलेला माणूस परत पाठविण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते. तेव्हा सरळ स्वभावाचा कप्तान तुमची कसून चौकशी करणारच. तुम्हीही त्याची तेवढीच चौकशी करावी आणि त्यात संकोच बाळगू नये.

त्याने आजवर किती लांबचे सागरी टप्पे केले, पूर्वीचे खलाशी कोण होते आणि त्यांच्याशी थेट बोलता येईल का, हे विचारावे. बोलता येणार नाही असे उत्तर आले तर तेथेच थांबावे. खर्चातील वाटा म्हणजे नेमके काय, त्यात अन्न, इंधन, बंदराचे शुल्क एवढेच येते की बोटीची दुरुस्तीही तुमच्या खिशातून व्हायची आहे, हे लेखी ठरवावे. प्रत्यक्ष खर्चाच्या पलीकडे दररोजचे पैसे आकारणारी बोट ही एक प्रकारे भाड्याची बोट ठरते, आणि मग तिचा परवाना व विमा त्या कामासाठी आहे का हा प्रश्न उपस्थित होतो. समुद्रावर असताना मद्यपानाचा नियम काय, पासपोर्ट कोणाकडे राहणार, रात्री डेकवर येणाऱ्याने कंबरपट्टा सुरक्षा दोरीला अडकविलाच पाहिजे असा दंडक आहे की नाही, हेही विचारावे. या शेवटच्या प्रश्नाला हसणाऱ्या कप्तानाबरोबर मी तरी जाणार नाही. एकट्या जाणाऱ्या मुलींनी त्या बोटीवर पूर्वी काम केलेल्या एखाद्या स्त्रीशी बोलल्याखेरीज, आणि दोन-तीन दिवसांची किनाऱ्याजवळची फेरी केल्याखेरीज लांबच्या टप्प्याला होकार देऊ नये.

बोटीवरील माणसांचे एकमेकांशी जमणे ही किरकोळ बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी होकुलेआ या, पॉलिनेशियन पद्धतीने दोन होड्या जोडून बांधलेल्या नौकेचा इतिहास पाहावा. १९७६ साली ही नौका हवाईहून ताहितीला गेली, तेव्हा मायक्रोनेशियातील साटावाल बेटाचे माउ पिआइलुग यांनी होकायंत्र किंवा इतर कोणतेही उपकरण न वापरता, तारे, लाटा आणि पक्षी यांच्या आधारे तिला सुमारे महिनाभरात नेमके पोहोचविले. पॉलिनेशियन लोकांची जुनी दर्यावर्दी विद्या किती खरी होती हे त्या प्रवासाने जगाला दाखवून दिले. परंतु त्याच प्रवासात खलाशांमधील धुसफूस आणि भांडणे एवढी वाढली की माउ ताहितीहूनच आपल्या घरी निघून गेले आणि परतीचा प्रवास त्यांच्याविना, आधुनिक उपकरणांच्या साहाय्याने करावा लागला.

आता संकटाच्या प्रसंगाविषयी. लेखात ‘आता उपग्रहामुळे सर्व सुरक्षित झाले आहे’ असे म्हटले आहे, ते अर्धेच खरे आहे. मार्च २०२३ मध्ये गॅलापागोसहून मार्केसासकडे निघालेली रेनडान्सर नावाची बोट देवमाशाशी टक्कर होऊन सुमारे पंधरा मिनिटांत बुडाली. बोटीवरील चौघे जीवरक्षक तराफ्यात उतरले. इपर्ब या संकटसूचक यंत्राचा संदेश पेरूच्या यंत्रणेपर्यंत पोहोचला, तराफ्यातील चौघांनी उपग्रहाद्वारे मित्राला पाठविलेली हाकही पुढे पसरली, आणि साधारण दहा तासांनी त्यांना उचलले ते त्याच मार्गाने जाणाऱ्या दुसऱ्या एका शिडाच्या बोटीने. हाक काही क्षणांत जगभर पोहोचते. मदत मात्र वाऱ्याच्या वेगानेच येते, आणि तीही जवळपास कोणी असेल तर. एकट्या न्यूझीलंडच्या बचाव केंद्राकडे सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटरचा, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाच्या नऊपट प्रदेश आहे, यावरून तेथील विरळपणाची कल्पना यावी. म्हणून तराफ्याची तपासणी शेवटची केव्हा झाली, इपर्बची नोंदणी चालू आहे का, तराफ्यात नेण्याची पिशवी कोठे ठेवली आहे आणि ती कोणी उचलायची, हे निघण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे.

बेटांजवळ पोहोचल्यावर धोका संपतो असेही नाही. माझ्या मते खलाशाची खरी परीक्षा तेथेच असते. तुआमोतूमधील, प्रवाळाच्या कड्यांनी वेढलेल्या सरोवरांत शिरण्याच्या वाटा अरुंद आहेत. कोकणच्या खाड्यांत भरती-ओहोटीचा हिशोब करणाऱ्या माणसाला तेथील पाणी बुचकळ्यात टाकते, कारण मोठ्या लाटा प्रवाळाच्या कड्यावरून आत पाणी ओततात आणि ते सारे त्या एकाच वाटेने बाहेर पडू पाहते. त्यामुळे कोष्टकाप्रमाणे भरती असतानाही प्रवाह बाहेरच्या दिशेने जोरात वाहत असू शकतो. अशा वेळी सूर्य डोक्यावर आणि पाठीशी असताना एकाने नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभे राहून पाण्याच्या रंगावरून प्रवाळाचे खडक ओळखायचे असतात, आणि ते काम बहुधा नव्या खलाशाच्याच वाट्याला येते. न्युए बेटाला तर बंदरच नाही. तेथे बोट बोयाला बांधून लहान डिंगीने धक्क्यावर जावे लागते, ती डिंगी यारीने वर उचलून ठेवावी लागते, आणि वारा पश्चिमेकडून वाहू लागला की जेवण अर्धे टाकून समुद्रात निघून जावे लागते.

माशांविषयी एक सावधगिरी आपल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो, कारण आम्हा किनारपट्टीच्या लोकांना मासा कळतो असा आमचा ठाम समज असतो. प्रवाळावर वाढणाऱ्या मोठ्या माशांत सिग्वाटेरा नावाचे विष असू शकते. त्याला वास नाही, चव नाही, आणि कितीही शिजविले तरी ते जात नाही. उलट्या-जुलाबांनंतर हातापायांना मुंग्या येतात, गार वस्तू चटका बसावा तशी लागते, आणि हा त्रास आठवडेच्या आठवडे टिकू शकतो. एकाच जातीचा मासा एका बेटावर निर्धोक आणि शेजारच्या बेटावर विषारी असू शकतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी स्थानिक कोळ्याला विचारूनच खावे.

व्हिसाची दुरुस्ती अशी. ‘शेंगेन व्हिसा (युरोपातील बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) असला की ताहितीला जाता येते’ हे विधान चुकीचे आहे. ताहिती ज्यात येते तो फ्रेंच पॉलिनेशिया शेंगेन क्षेत्रात मोडत नाही. तेथे जाण्यासाठी फ्रान्सच्या सागरपार प्रदेशांना लागू असलेली परवानगी आहे की नाही, हे भारतीय पासपोर्टधारकाने अर्ज करतानाच स्पष्ट करून घ्यावे. तेथे परतीच्या विमानतिकिटाची किंवा तेवढ्या अनामत रकमेचीही विचारणा होऊ शकते. हवाईत बोट थांबणार असेल तर अमेरिकेचा व्हिसा हवा; अमेरिकन सामोआचे प्रवेशाचे नियम मात्र त्याहून वेगळे आहेत, तेही आधी पाहून घ्यावेत. विम्याची कलमेही नीट वाचावीत, कारण अनेक प्रवासी विमा योजनांमध्ये किनाऱ्यापासून ठरावीक अंतरापलीकडचे नौकानयन वगळलेले असते.

यावर कोणी म्हणेल की मग शिकायचे कोठे? या बाबतीत आपण काही मागासलेले नाही. गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर बांधलेल्या म्हादेई नौकेवरून नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच ठिकाणी बांधलेल्या तारिणीवरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये, आणि दिलना के. व रूपा ए. या दोघीच २०२४-२५ मध्ये दक्षिण प्रशांत पार करून गोव्याला परत आल्या. या दोघींनी आधी सहा जणांच्या चमूतून केप टाउन व रिओपर्यंतचा आणि नंतर दोघींनीच मॉरिशसचा प्रवास केला होता. सर्वसामान्य नागरिकांना ती सोय नाही, हे मान्य; पण मुंबईच्या बंदरात पावसाळ्यानंतर नौकानयनाचा हंगाम चालू असतो, तेथील क्लबांच्या बोटींना शर्यतींसाठी माणसे हवी असतात, आणि गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. शीड आवळणे, सोडणे, वारा वाढताच ते लहान करणे आणि अंधारात हाताला सवयीने गाठ मारता येणे एवढे शिकून गेलेला खलाशी कोणत्याही कप्तानाला हवाहवासा वाटतो. मोठ्या जहाजावरील माझ्या नोकरीचा उपयोग मला दिशादर्शनात झाला, शिडाच्या कामात फारसा नाही, हेही येथे नमूद करतो.

शेवटी हंगामाविषयी, कारण लेखात ‘वर्षभरात केव्हाही’ असे लिहिले आहे. दक्षिण प्रशांतात नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ असतो. पनामाकडून येणाऱ्या बोटी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात, मे-जूनच्या सुमारास ताहितीच्या पापीतेमध्ये जमतात आणि ऑक्टोबरपर्यंत टोंगा किंवा फिजी गाठतात. तेथून न्यूझीलंडकडे उतरणाऱ्या थंड आणि अवघड टप्प्यासाठी अनेक कप्तानांना जादा माणसांची गरज भासते. भारतीय पासपोर्टावर फिजीत आगाऊ व्हिसाशिवाय उतरता येत असल्यामुळे आपल्याकडील नवख्यांना ही जागा मिळविणे तुलनेने सोपे आहे. मात्र न्यूझीलंडचा व्हिसा भारतातून निघण्यापूर्वीच हातात असला पाहिजे, आणि त्यासाठीचा अर्ज पावसाळा संपायची वाट न पाहता करावा.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त दर्यावर्दी वाचक, अलिबाग