चौरस फुटातले पाऊल

घोडबंदर रस्त्यावर घर बघताना ठाणेकर भाव विचारतो तो चौरस फुटाचाच, करारात मीटर असले तरी. हा ‘फूट’ म्हणजे इंग्रजांचे पाऊल. देशोदेशी त्याची लांबी किंचित वेगळी असे. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन आदी देशांनी ती नेमकी ३०.४८ सेंटिमीटर ठरवली.

गंमत म्हणजे ‘फूट’ आणि आपला ‘पाद’ सख्खे भाऊ. दोघेही एकाच प्राचीन मूळ भाषेतून आले; ‘पितृ’ आणि ‘फादर’ या जोडीत इंग्रजीकडे जो मूळ ‘प’चा ‘फ’ झाला, तोच इथेही. जनावराच्या चार पायांतला एक म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून ‘पादा’वरून ‘पाव’ आला. (वडापावातला पाव मात्र पोर्तुगीज!) श्लोकाच्या चरणालाही पादच म्हणतात आणि इंग्रजी छंदशास्त्रात गणाला ‘फूट’. ‘फूट द बिल’ म्हणजे खर्च उचलणे, कारण हिशेबाच्या कागदाच्या पायथ्याशी बेरीज मांडत. ‘कोल्ड फीट’पेक्षा (ऐनवेळी धीर सुटणे) मात्र आपले ‘पाय लटपटणे’च अधिक जिवंत वाटते.

शाळेत इंग्रजी वाक्प्रचार पाठ करून घेतात, ही नाती कुणी सांगत नाही. आपल्या रविवार पुरवणीत त्यासाठी छोटासा रकाना सुरू करावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे (प.)