निवड चाचणीची तारीख आधी कळवा

महोदय,

नागपाड्यात मी वीस वर्षं मुलांना बास्केटबॉल शिकवतो. परवा एका पोराने विचारलं, "सर, एनबीएत नवे खेळाडू लिलावात घेतात का?" अमेरिकेतल्या या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये लिलाव नाहीच. हंगामात मागे पडलेल्या संघांना निवडीत झुकतं माप मिळतं; पहिले क्रमांक ठरवायला यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू घुसळून चार काढतात. २०२५मध्ये डॅलसच्या संघाला जेमतेम १.८ टक्के संधी होती, तरी पहिली निवड त्यांनाच मिळाली. पंजाबच्या सतनाम सिंगला २०१५मध्ये ५२व्या क्रमांकावर घेतलं तेही डॅलसनेच.

आमच्याकडे मात्र निवड चाचणीची तारीखच आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कळते. गेल्या वर्षी माझी एक खेळाडू बोरिवलीहून पोहोचेपर्यंत यादी लागली होती. पिशवीतले बूट बाहेर न काढताच ती परतली. निदान आठ दिवस आधी कळवा.

– एक प्रशिक्षक, माझगाव, मुंबई