तारखेवरून नाताळ खोटा ठरत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘२५ डिसेंबर हा मुळात रोमन सूर्यदेवाचा सण, चर्चने तो पळवला, म्हणजे नाताळ बनावट’ अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात नुकतेच वाचले. डिसेंबर उजाडला की हाच मजकूर मोबाइलवरही फिरू लागतो. मी ख्रिस्ती नाही. पण सगळा जन्म गोव्यातल्या बार्देश तालुक्यात गेला, चवथीच्या आणि नाताळच्या नेवऱ्या (करंज्या) एकाच कुंपणावरून इकडून तिकडे गेल्या. शेजाऱ्याच्या सणाबद्दल इतके अर्धवट छापून आलेले खटकले, म्हणून हे पत्र.

येशूचा जन्म कोणत्या दिवशी झाला हे बायबलात कुठेच नाही, आणि चर्च ते लपवतही नाही. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद रोममधली, इ.स. ३३६ ची, ती ३५४ साली केलेल्या एका संकलनात मिळते. ऑरेलियन बादशहाने २७४ मध्ये रोमला ‘अजिंक्य सूर्या’चे मंदिर उभारले हे खरे. गंमत अशी की, सूर्याच्या २५ डिसेंबरच्या सणाची नोंदही त्याच ३५४ च्या संकलनातली आहे. मग कोणी कोणाचे घेतले? एक तर्क पत्रलेखकांचा. दुसरा असा की, देवदूताने मारियेला गर्भधारणेची वार्ता दिली तो दिवस २५ मार्च धरला, आणि पुढे नऊ महिने मोजले. अभ्यासकांचा वाद मिटलेला नाही, पत्रलेखकांनी मात्र निकाल लावून टाकला. आर्मेनियन चर्च जन्मोत्सव ६ जानेवारीला करते, रशियन ऑर्थोडॉक्स ७ जानेवारीला. आपणही रामनवमीला भर दुपारी पाळणा हलवतो, तेव्हा जन्मदाखला कोण मागतो?

खरा मुद्दा अर्थाचा. येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने बायबलात आहेत : मत्तय, मार्क, लूक आणि योहान. त्यांपैकी मार्कात जन्मकथाच नाही. लूक सांगतो ती कथा बहुतेकांना ठाऊक असते : औगुस्त कैसराची शिरगणती, योसेफ आणि गरोदर मारियेचा बेथलेहेमचा प्रवास, उतारशाळेत जागा नाही, म्हणून बाळ गव्हाणीत. आणि ही बातमी सर्वांत आधी मिळते ती रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना, राजवाड्याला नव्हे. मत्तयात तारा आहे, पूर्वेकडचे ज्ञानी लोक आहेत, पण पाठोपाठ हेरोद राजाने केलेली बालहत्या आणि मिसरला पळालेले कुटुंबही आहे. रोषणाईत हा भाग कोणी आठवत नाही. योहान तर बाळ, गव्हाणी, तारा काहीच सांगत नाही. देवाचा शब्द देही झाला, एवढेच म्हणतो. ख्रिस्ती भाविक मध्यरात्रीच्या मिसेला जातो तो यासाठी. आपल्याला यात पटकन अवतारकल्पना दिसते, पण फरक आहे : त्यांच्या श्रद्धेनुसार हे एकदाच घडले, आणि येशू पूर्ण देव तसाच पूर्ण माणूस. आणि सणांत नाताळ थोरला नव्हेच, तो मान पुनरुत्थानाच्या ईस्टरचा. तो सण जुनाही अधिक.

गोव्यात हा अर्थ शोधायला लांब जावे लागत नाही. नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, तयारीचे. अंगणात मांडलेल्या गोठ्याच्या देखाव्यात बाळाची मूर्ती अनेक घरी २४ च्या रात्रीच ठेवतात. या गोठ्याची प्रथा रूढ झाली ती असिसीच्या संत फ्रान्सिसमुळे. १२२३ मध्ये त्याने इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरे बैल-गाढव आणून गव्हाणी मांडली. त्याच्याच पंथाच्या पाद्र्यांकडे पुढे आमच्या बार्देशातले धर्मप्रसाराचे काम आले. मांडवीकाठच्या रेइश मागुश चर्चला नावच मत्तयातल्या त्या ज्ञानी लोकांचे, म्हणजे परंपरेतल्या तीन राजांचे, आणि ६ जानेवारीला तिथे त्यांचे फेस्त असते. (मत्तय त्यांना राजे म्हणत नाही, तीन असल्याचेही सांगत नाही. भेटी तेवढ्या तीन : सोने, ऊद, गंधरस.)

मराठी वाचकाला तर हे जड जाऊच नये. गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट पाद्री फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’त ही सगळी कथा मराठी ओव्यांत सांगितली, आणि १६१६ मध्ये ते ओव्यांचे पुराण गोव्यातल्याच साष्टी तालुक्यात, रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पोर्तुगीज काळातली सक्ती आणि पाडलेली देवळे मी विसरलेलो नाही. त्याचा जाब जरूर मागावा, पण तो त्या राजवटीकडे. गव्हाणीतल्या बाळाकडे नव्हे.

तेव्हा एक विनंती. आपल्या नाताळ पुरवणीत दरवर्षी सांताची टोपी, किनाऱ्यावरच्या पार्ट्या आणि हॉटेलांचे दर असतात. यंदा त्यातले निदान एक पान ‘क्रिस्तपुराणा’तल्या जन्मप्रसंगाच्या ओव्यांना द्यावे, देवनागरीत आणि कठीण शब्दांच्या अर्थासह.

आपला,
एक वाचक, पर्वरी