देहदानाचा अर्ज भरला, पण पुढे?

महोदय,

नायजेरियातील बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांत विच्छेदनासाठी प्रामुख्याने बेवारस मृतदेहच मिळतात. त्यांचे नेमके वय, आजारपण ठाऊक नसते. मग मूत्रपिंडाला (एरवीच्या एका ऐवजी) दोन धमन्या आढळल्या, तरी त्या नोंदीची संशोधनातली किंमत घसरते. देहदानाने ही अडचण टळते. आपल्या कोकणात देहदानाची इच्छापत्रे भरली जातात, अडते ते वेळेपाशी. दमट उकाड्यात देह सहा तासांत पोचावा. नाहीतर रक्ताच्या गुठळ्या वाट अडवतात, देह टिकवण्यासाठी मांडीच्या धमनीतून सोडलेले फॉर्मॅलिनचे द्रावण बोटांपर्यंत जात नाही आणि तिथूनच कुजणे सुरू होते. मुंबईचे चाकरमानी येईपर्यंत थांबायचे (गणपतीत तर महामार्ग तुंबलेलाच!) तर शीतपेटी आधीच सांगून ठेवा. शवविच्छेदन (पोस्टमॉर्टेम) झालेला देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान केलेला देह मात्र चालतो. मृत्यूचा दाखला आणि जवळच्या नातेवाइकाची संमती सोबत हवी.

— शरीररचनाशास्त्राचे दोन अध्यापक, रत्नागिरी