बाबा, वांगं सुटलं, विडी राहिली

ती. आई आणि बाबांस,

सा. न. वि. वि.

फोनवर विडीचा विषय निघाला की बाबांना नेमकं ऐकू येईनासं होतं, म्हणून हे पत्र. आई, तू त्यांना वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

बाबा, कातडीच्या या सोरायसिससाठी तुम्ही काय काय सोडलंत! वांगं सोडलं, दही सोडलं, लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. कुणी सांगितलं म्हणून कडुलिंबाचा रसही प्यायलात. या सगळ्या पथ्यांत विडीचं नाव कुणीच घेतलं नाही, आणि तुम्हीही ते सोयीस्करपणे विचारलं नाहीत.

निरोगी कातडीत खालची पेशी वर यायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये ती चार-पाच दिवसांतच वर येते, म्हणून तुमच्या कोपरांवर त्या चंदेरी खपल्या साचतात. शरीराची संरक्षण यंत्रणाच विनाकारण भडकलेली असते, आणि विडीचा धूर तिला आणखी चिथावतो. सोरायसिसची महागडी इंजेक्शनं असतात ना, ती दाह वाढवणारी टीएनएफ, आयएल-१७ अशी द्रव्यं रोखायला देतात. धूर नेमकी तीच वाढवतो. म्हणजे औषधाचे पैसे आपण भरायचे आणि विडीनं ते फुकट घालवायचे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा आजार जास्त आढळतो, जोर जास्त धरतो आणि औषधाला दादही कमी देतो. तळहात-तळपायांवर पिवळे फोड येतात तो प्रकार तर बहुतेक करून ओढणाऱ्यांतच दिसतो. शिवाय निकोटिननं कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. गेल्या पावसाळ्यातली टाचेची जखम किती दिवस भरत नव्हती, आठवतंय ना?

विडी सोडली की चट्टे जातील, असं मी म्हणणार नाही. हा आजार घराण्यातूनही येतो, आजोबांच्या गुडघ्यांवरचे चट्टे मला आठवतात. विडी सोडल्यावर हा आजार होण्याचा धोका कमी होतो तोही सावकाश, वर्षानुवर्षांनी. पण सोरायसिसवाल्यांना हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त, त्यात विडीची भर कशाला?

आता खरी भीतीची गोष्ट. रात्री अंगभर पॅराफिनचं मलम चोळून तुम्ही गॅलरीत विडी पेटवता. ते मलम बनियनमध्ये, चादरीत मुरतं. असं कापड ठिणगी पडताच भसकन पेटतं, आणि धुतलं तरी मलमाचा अंश राहतोच. आई, ती जुनी मऊ चादर बाद कर. मलम लावल्यावर काडेपेटी तुझ्या ताब्यात. यात मी ऐकणार नाही.

सोडताना पहिले दोन-तीन दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. मग हळूहळू उतरतं. सरकारची फुकट मदतवाहिनी आहे, १८००-११२-३५६. फोन तुम्हीच करायचा, आईला पुढे करायचं नाही. विडीची तलफ भागवायला निकोटिनच्या गोळ्या घ्यायच्या तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि विडीच्या बदल्यात तंबाखू-चुना मळायला बसू नका, मला तुमच्या पळवाटा पाठ आहेत.

आई, तुझ्यासाठीही दोन गोष्टी. बाबांचा टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळत घालतेस ते बंद कर. सोरायसिस स्पर्शानं, कपड्यानं, ताटातून कुणालाच लागत नाही. ते काही बोलत नाहीत, पण त्यांना लागतं ते. आणि पुढच्या खेपेला त्वचेच्या डॉक्टरांना बीपीच्या गोळीची चिठ्ठी दाखव. बीपीच्या काही गोळ्यांनी चट्टे उसळतात. आपल्या मनानं मात्र ती बंद करायची नाही.

दसऱ्याला येतेय. बाबा, तोवर निदान जेवणानंतरची विडी सुटलेली असावी. शतपावलीला सोबत मी येईन.

तुमची,
चिऊ