नर्सरीतल्या काकांना, आईच्या हातातल्या पानासाठी

काका,
सप्रेम नमस्कार.

होळीला पुरणपोळ्या घेऊन घोडबंदर रोडला आले, तेव्हा कळलं की तुम्ही काम सोडून कायमचे गावी गेलात. नंबर कुणाकडेच नव्हता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. कुणीतरी वाचून दाखवेलच तुम्हाला.

पाचपाखाडीची आम्ही. तळमजला, मागे छोटीशी बाग. भावाकडे स्कॉटलंडला आईने चढता हायड्रेंजा पाहिला होता. उत्तरेची दगडी भिंत, जून महिना, मधे बारीक फुलांचा झुबका आणि भोवती चार-चार पांढऱ्या पाकळ्यांचं कडं. परतल्यापासून तिला आपल्या मागच्या भिंतीवर तोच हवा होता. पुढे काचबिंदूने नजर जवळजवळ गेली, तशी ही इच्छा आणखी घट्ट झाली.

तीन रोपं विकत घेतली. पहिलं जुलैच्या पावसात कुजलं, दुसरं एप्रिलमध्ये करपलं. विकणारे म्हणायचे, पाणी जास्त झालं, खत कमी पडलं, नवीन घ्या. हा जपान-कोरियाच्या थंड डोंगरांतला वेल, पानं गाळून हिवाळाभर गारठ्यात झोपणारा. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेलाही एक शाल पुरते. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. आई दर वेळी आपलंच काहीतरी चुकलं म्हणून हळहळायची, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

तिसरं रोप तर हायड्रेंजाच नव्हतं. तुम्ही पान बघूनच ओळखलंत, हायड्रेंजाच्या पानाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात म्हणालात. मग मला बाजूला घेऊन सांगितलं असतंत तरी चाललं असतं. पण तुम्ही आईसाठी स्टूल आणलंत, तिच्यासमोर उकिडवे बसलात आणि तिलाच म्हणालात, "आजी, तो ठाण्यात जगणार नाही. तुमचं काही चुकलेलं नाही." आणि मग, "हात द्या."

तिच्या बोटांत तुम्ही पेट्रियाचं, जांभळ्या फुलांच्या एका वेलाचं, पान दिलंत. पॉलिशपेपरसारखं खरखरीत. आई कितीतरी वेळ ते चाचपत राहिली, मग हसली. इतक्या वर्षांत आम्ही कुणीच तिला झाड हाताने दाखवलं नव्हतं, काका. फक्त वर्णन करत बसायचो.

पेट्रिया स्वतःहून भिंतीला चिकटत नाही, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे तारा ओढल्या. दोन पावसाळे गेले. यंदा फाल्गुनात भिंत जांभळी झाली. तुम्ही म्हणाला होतात तसंच, आतलं गडद फूल दोन-चार दिवसांत गळतं आणि मागे राहतात त्या चांदण्या पाकळ्या नसून निदलं, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरची दलं, असतात. स्कॉटलंडच्या त्या पांढऱ्या कड्याचंही तेच होतं, हे आईला सांगितलं तर केवढी खूश झाली! आता रोज संध्याकाळी ओट्यावर पडलेल्या चांदण्या बोटांनी टिपते, त्यांचे पाच पंख मोजते आणि विचारते, "त्यांना कळलं का गं, फुलली म्हणून?"

ठाण्याला आलात तर मागच्या गल्लीतून या. जांभळी भिंत दिसेल, तिथेच आई बसलेली असते.

तुमच्या आजींची लेक